आकड्यांवरून डबीपर्यंत

जिओकॅशिंग हा उपग्रहांच्या मदतीने खेळायचा शोधाचा खेळ आहे. एकजण झाकणबंद डबी लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. इतरजण ती शोधून आतल्या वहीत नाव-तारीख लिहितात आणि डबी होती तिथेच ठेवतात.

मे 2000च्या आरंभापर्यंत अमेरिका नागरी जीपीएसच्या संकेतांत मुद्दाम चूक मिसळत असे. ती थांबताच, 3 मे रोजी, ऑरेगनमध्ये डेव्ह अल्मर यांनी पहिली डबी म्हणून एक बादली लपवली.

नाशिक साधारण 20 अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे अक्षांशाच्या मिनिटाचा हजारावा भाग सुमारे 1.85 मीटर भरतो, रेखांशाचा मात्र 1.74 मीटरच, कारण रेखावृत्ते ध्रुवांकडे जवळ येत जातात. मोकळ्या आकाशाखाली मोबाइल काही मीटरांपर्यंत अचूक जागा दाखवतो. नाशिकजवळच्या अंजनेरीसारख्या डोंगराच्या कातळकड्यांखाली काही उपग्रह झाकले जातात, काही संकेत खडकावर आपटून उशिरा पोहोचतात आणि नकाशावरचा ठिपका सरकतो. मग डोळ्यांनीच शोधावे लागते. खेळाचा खरा कस तिथे लागतो.

डबी पुरायची नाही, हा नियम इथे फार मोलाचा आहे. अंजनेरीच्या पठारावर कंदीलपुष्पाची दुर्मीळ जात वाढते. तिचे कंद जमिनीखालीच असतात. नाशिकची पांडवलेणी तर संरक्षित स्मारक, त्यामुळे लेण्यांत डबी ठेवूच नये.