विश्लेषण : मासेमारी ट्रॉलर युद्धात ‘माइनस्वीपर’ कसे झाले?

समुद्रात सुरुंग पेरायला एक रात्र पुरते. ते काढायला मात्र महिने लागतात. दोन्ही महायुद्धांत ब्रिटनने या कामाचा मोठा भार मासेमारी ट्रॉलर आणि त्यांवरच्या मच्छीमारांवर टाकला. तो का, आणि ही युक्ती कुठे फसली?

ट्रॉलरच का निवडले?

रशिया-जपान युद्धात 15 मे 1904 या एकाच दिवशी जपानच्या ‘हात्सुसे’ आणि ‘याशिमा’ या दोन युद्धनौका सुरुंगांना बळी पडल्या. हा धोका ओळखून ब्रिटिश अ‍ॅडमिरल लॉर्ड चार्ल्स बेरेसफर्ड यांनी 1907 मध्ये ट्रॉलर वापरण्याची शिफारस केली. 1908 मध्ये ग्रिम्सबी बंदरातील ‘अल्गोमा’ आणि ‘अँडीज’ या ट्रॉलरवर चाचण्या झाल्या. 1910 मध्ये नौदलाच्या राखीव दलात ट्रॉलर विभाग सुरू झाला.

कारण साधे होते. जड जाळे ओढण्यासाठी लागणारे विंच, पोलादी दोर आणि दमदार इंजिन ट्रॉलरवर आधीच होते. खवळलेल्या समुद्रात ते हाताळणारे तांडेल आणि खलाशीही तयार होते.

सुरुंग काढायचे कसे?

त्या काळचा नेहमीचा सुरुंग तळाशी ठेवलेल्या वजनाला तारेने बांधलेला असे आणि पृष्ठभागाखाली तरंगत राही. दोन ट्रॉलर समांतर चालत. त्यांच्यामध्ये पोलादी दोर ओढला जाई. दोरात सुरुंगाची तार अडकून तुटली की सुरुंग वर येई आणि बंदुकीच्या गोळ्यांनी तो नष्ट केला जाई. पुढे एकट्या जहाजाला हे काम करता येईल अशी पद्धत आली. ज्या ट्रॉलरवर ती विकसित झाली, त्याच्याच नावावरून तिला ‘ओरोपेसा’ म्हणतात.

युक्ती कुठे फसली?

1915 मध्ये दार्दानेल्सच्या सामुद्रधुनीत. दोर ओढत, जोरदार प्रवाहाविरुद्ध जाताना ट्रॉलर जेमतेम पुढे सरकत. त्यात किनाऱ्यावरून सर्चलाइट आणि तोफांचा मारा. सुरुंगांची सवय असलेले हे मच्छीमार तोफांसाठी तयार केलेले सैनिक नव्हते. सुरुंग पूर्ण निघालेच नाहीत. 18 मार्चला फ्रान्सची ‘बुवे’ तसेच ब्रिटनच्या ‘इररेझिस्टिबल’ आणि ‘ओशन’ या युद्धनौका बुडाल्या. एकट्या ‘बुवे’वर 600 हून अधिक जण मृत्युमुखी पडले.

दुसऱ्या महायुद्धात काय बदलले?

जर्मनीने चुंबकीय सुरुंग आणले. जहाजाच्या पोलादामुळे चुंबकीय क्षेत्र बदलले की ते फुटत. इथे दोर निरुपयोगी. नोव्हेंबर 1939 मध्ये शूबरीनेस येथे असा एक सुरुंग ब्रिटिशांच्या हाती लागला आणि त्याचे तंत्र उलगडले. मग जहाजामागे विजेच्या केबल सोडून, त्यांत प्रवाहाचे झटके देऊन सुरुंग दूरवरच फोडले जाऊ लागले.

किंमत किती मोजली?

मच्छीमारांच्या या ‘रॉयल नेव्हल पेट्रोल सर्व्हिस’चे मुख्यालय लोस्टॉफ्टला होते. तिथल्या स्मारकावर सुमारे 2,400 नावे आहेत. त्यांना समुद्राशिवाय दुसरी कबर नाही.

भारताशी संबंध काय?

हा धोका मुंबईच्या दारातही आला होता. ‘वुल्फ’ या जर्मन जहाजाने 1917 मध्ये मुंबईजवळ सुरुंग पेरले. त्याच वर्षी जूनमध्ये ‘मंगोलिया’ हे प्रवासी जहाज त्यांमुळे बुडाले. भारतीय नौदलातील शेवटची माइनस्वीपर ‘आयएनएस कोळिकोड’ 2019 मध्ये निवृत्त झाली. बंदराचे तोंड मोकळे ठेवणाऱ्या या जहाजांची उणीव, पहिला सुरुंग फुटेपर्यंत कुणालाच जाणवत नाही.