विजेची मोटार भाडेकराराने घेताना

विजेवर चालणारी मोटार विकत घ्यावी की ‘लीज’वर, म्हणजे ठराविक मुदतीच्या भाडेकराराने घ्यावी, असा प्रश्न कंधार, लोहा, मुखेड व अहमदपूर परिसरातील वैद्यबंधू-भगिनी तसेच औषधी दुकानदार अलीकडे आम्हांस वरचेवर विचारू लागले आहेत. विक्रेत्याकडून ‘महिन्याला अमुक हजार, बाकी सगळे आमच्यावर’ असे सांगितले जाते आणि तो एक आकडा मनात घर करून बसतो. प्रत्यक्षात तो आकडा हे केवळ बाह्य लक्षण होय. हेतू करारपत्राच्या आतल्या पानांत असतो आणि घासाघीस करावयाची ती तेथेच. म्हणून या अंकात व्यवसायाच्या या आर्थिक बाजूविषयी थोडे विस्ताराने लिहीत आहोत.

ही पद्धत आपल्याकडे तशी नवी. २०१८ साली महाराष्ट्र शासनाने केंद्र सरकारच्या अखत्यारीतील ईईएसएल या संस्थेशी शासकीय कार्यालयांकरिता एक हजार विजेच्या मोटारी भाड्याने घेण्याचा करार केला. त्याच वर्षी दिल्लीतील अधिकाऱ्यांनी अशा मोटारी एका चार्जिंगमध्ये शंभर किलोमीटरही जात नाहीत, अशी तक्रार केल्याच्या बातम्या आल्या होत्या. पुढे जानेवारी २०२० मध्ये टाटा मोटर्सची नेक्सॉन ईव्ही बाजारात आली आणि ऑगस्ट २०२० मध्ये ऑरिक्स या कंपनीच्या सहकार्याने ती मासिक वर्गणीवर मिळू लागली. ही योजना दिल्ली, मुंबई, पुणे, हैदराबाद, बंगळूर अशा महानगरांपुरती होती. लीजच्या बहुतेक योजना आजही महानगरातील नोकरदार डोळ्यांसमोर ठेवूनच आखल्या जातात. कंधारच्या वैद्याचे फिरणे निराळे, रस्ते निराळे आणि कार्यशाळेचे अंतरही निराळे. छापील करार जसाच्या तसा स्वीकारणे त्यास परवडणारे नाही.

‘सर्व समाविष्ट’ म्हणजे काय?

या बाबतीत आपल्या एस.टी. महामंडळाचे उदाहरण बोलके आहे. १,३१० बसगाड्या भाड्याने घेण्याच्या प्रस्तावास २०२५ च्या प्रारंभी स्थगिती मिळाली, हे वाचकांच्या स्मरणात असेल. वाद दरावरूनच होता. आधीच्या करारात किलोमीटरमागे सुमारे ४४ रुपये दर होता, पण त्यात डिझेल धरलेले होते. नव्या प्रस्तावातील ३४-३५ रुपयांचा दर वरकरणी कमी दिसे, मात्र त्यात डिझेल धरलेले नव्हते. ते मिळविताच नवा दर जुन्यापेक्षा बराच महाग ठरत होता. विजेच्या ५,१५० बसगाड्यांच्या करारात अडचण वेगळी आली. पुरवठादाराने ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे गाड्या न दिल्याने मे २०२५ मध्ये परिवहन मंत्र्यांनी तो करार रद्द करण्याचे निर्देश दिले. एवढ्या मोठ्या महामंडळावर ही वेळ येते, तर एकट्या वैद्याने अधिक सावध असावयास हवे. भाड्यात विमा आहे का, असल्यास घसारा न कापणारा आहे का, टायर कोण बदलणार, घरी चार्जर बसविण्याचा व महावितरणकडून मंजूर भार वाढवून घेण्याचा खर्च कोणाचा, गाडी कोणत्या तारखेस मिळणार व उशीर झाल्यास काय, या प्रश्नांची उत्तरे कागदावर घेतल्यावाचून दोन कंपन्यांच्या भाड्यांची तुलना करूच नये.

आता भाडे कसे ठरते ते पाहू. पुढील आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. मोटारीची किंमत १५ लाख रुपये, मुदत ३६ महिने आणि मुदतीअखेर तिची किंमत ४५ टक्के, म्हणजे ६ लाख ७५ हजार राहील, असे कंपनीने धरले. मधली घट ८ लाख २५ हजारांची. तिचे महिन्याला सुमारे २२,९०० रुपये होतात. अडकलेल्या सरासरी रकमेवर ११ टक्क्यांनी व्याज जवळजवळ १०,००० रुपये. विमा व देखभालीचे ४,००० धरले, तर बेरीज ३६,९०० च्या घरात जाते. त्यावर ५ टक्के जीएसटी धरून भाडे ३८,७०० रुपयांच्या आसपास बसते.

विक्रेता यातले एकच अंतिम भाडे सांगतो. ग्राहकाने मात्र दोन आकडे आवर्जून विचारावेत, ते म्हणजे मुदतीअखेरची गृहीत किंमत आणि व्याजाचा दर. वरील उदाहरणात अखेरची किंमत ४५ ऐवजी ५० टक्के धरून घेतली, तर जीएसटीसह महिन्याला सुमारे १,८०० आणि तीन वर्षांत सुमारे ६५,००० रुपये वाचतात. व्याज एका टक्क्याने उतरले, तर महिन्याला आणखी सुमारे ९०० रुपये. विजेच्या जुन्या मोटारींचा बाजार अजून पुरता बसलेला नाही. त्यामुळे कंपन्या अखेरची किंमत हात राखून धरतात. त्यावर आपले उत्तर असे असावे : नेक्सॉन ईव्हीसारख्या मोटारींच्या बॅटरीस आठ वर्षे अथवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी आहे, तेव्हा तीन वर्षांनी परत जाणाऱ्या गाडीस पाच वर्षांची हमी शिल्लक राहते. तिची किंमत निम्म्याहून खाली का धरता? अलीकडे काही कंपन्या पहिल्या मालकास आजीवन बॅटरी-हमी देतात. लीजमध्ये पहिला मालक कोण समजला जाणार, हेही लिहून घ्यावे.

हीच १५ लाखांची मोटार १० टक्के व्याजाच्या पूर्ण कर्जाने पाच वर्षांसाठी घेतली, तर हप्ता ३१,९०० रुपयांच्या आसपास बसतो. विमा व देखभाल आपली, परंतु शेवटी गाडीही आपली. म्हणजे लीज स्वस्त असते हा समज खरा नाही. बॅटरीच्या भविष्याची जोखीम दुसऱ्यावर टाकण्याची ती किंमत आहे. ज्यांचे भांडवल औषधांच्या साठ्यात गुंतलेले आहे अथवा जे तीन-चार वर्षांनी गाडी बदलतातच, त्यांनी ती द्यावी. दहा वर्षे एकच गाडी वापरणाऱ्यांनी लीजच्या वाटेस जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कंधारचे किलोमीटर

करारातील सर्वांत महत्त्वाचे कलम अंतराच्या मर्यादेचे. कंधार ते नांदेड सुमारे पन्नास किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन शंभर. आठवड्यातून दोनदा वजिराबादेत औषधखरेदीस अथवा नांदेडच्या दवाखान्यात जाणाऱ्या वैद्याचे महिन्याला ९०० किलोमीटर तेथेच होतात. बारूळ, पेठवडज, कुरुळा अशा गावी रुग्णदर्शनार्थ रोज सरासरी २५ धरले, तर पंचवीस दिवसांचे ६२५. पुणे किंवा छत्रपती संभाजीनगरची अधूनमधूनची फेरी महिन्यास ३०० किलोमीटरने वाटून धरली, तर बेरीज १,८२५, अर्थात वर्षाला २१,९०० किलोमीटर. करारात वर्षाला १५,००० ची मर्यादा व पुढे किलोमीटरमागे आठ रुपये असतील, तर ६,९०० जादा किलोमीटरांचे वर्षाला ५५,२०० रुपये होतात. तीन वर्षांत १ लाख ६५ हजारांहून अधिक! गाडी परत करण्याच्या दिवशी ही रक्कम एकदम पुढे येते. आरंभीच २२,००० ची मर्यादा मागितल्यास भाडे वाढते, पण ते जादा आकारापेक्षा बहुधा कमी असते. दोन्ही भाव लेखी मागवून ताडून पाहावेत. हिशेब दरमहा वा दरवर्षी न करता संपूर्ण मुदतीचा एकत्र धरावा, असाही आग्रह असावा. माळेगावच्या यात्रेच्या दिवसांत गाडी जेवढी धावते तेवढी भर पावसाळ्यात धावत नाही, आणि एका ऋतूची शिल्लक दुसऱ्या ऋतूस उपयोगी पडावी.

केवळ बॅटरीच भाड्याने देण्याची पद्धतही आली आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये एमजी विंडसर ही मोटार ९ लाख ९९ हजार रुपये व बॅटरीसाठी किलोमीटरमागे साडेतीन रुपये अशा दराने आली. बॅटरीसह तिची आरंभीची शोरूम किंमत साडेतेरा लाख होती. फरक साडेतीन लाखांचा. साडेतीन रुपयांनी भागल्यास एक लाख किलोमीटर होतात. आपला वरील वैद्य व्याज न धरता साधारण साडेचार वर्षांत तेथवर पोहोचतो आणि त्यानंतरचे प्रत्येक भाडे अधिकचे ठरते. शिवाय विजेचा खर्च किलोमीटरमागे सुमारे दीड रुपया धरला, तर बॅटरीभाड्यासह तो पाच रुपये होतो. पेट्रोलच्या मोटारीस साडेसहा रुपये लागतात असे मानल्यास बचत दीड रुपयाचीच उरते. अशा योजनांत महिन्याचे किमान किलोमीटर ठरलेले असतात. तेवढी गाडी न फिरली तरी पैसे द्यावे लागतात, हेही ध्यानात ठेवावे.

एका चार्जिंगमध्ये कंपनीने सांगितलेल्या अंतरापेक्षा प्रत्यक्षात पाव ते एक तृतीयांश अंतर कमी धरून चालावे. मराठवाड्याचा मे महिना आणि वातानुकूलन यंत्र यांचे नाते सांगावयास नकोच. नांदेडच्या फेरीस आजच्या बहुतेक मोटारी पुरतात. लातूरची फेरी दोनशेच्या घरात जाते, तेथे लहान बॅटरीची गाडी घेऊ नये.

कर, मालकी आणि मोडणे

कराच्या बाबतीत विक्रेते फार मोठी आश्वासने देतात. विजेच्या मोटारींवर १ ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के जीएसटी असून भाड्यासही मोटारीचाच दर लागतो. देखभाल निराळी आकारल्यास तिच्यावर मात्र १८ टक्के. तथापि ‘जीएसटी परत मिळेल’ हे विधान आपल्या वाचकांपुरते निरर्थक आहे. वैद्यकीय सेवा जीएसटीमुक्त असल्याने वैद्यास वजावट नाही. औषधी दुकानदार नोंदणीकृत असला, तरी तेरापर्यंत आसनांच्या प्रवासी मोटारीच्या खरेदीवर वा भाड्यावर भरलेल्या कराची वजावट कायद्याच्या कलम १७(५) ने सर्वसाधारणपणे रोखलेली आहे.

आयकराचेही तसेच. हिशेबवह्या ठेवणाऱ्यास व्यवसायासाठी दिलेले भाडे खर्ची टाकता येते. परंतु आपल्यापैकी पुष्कळ वैद्य १९६१ च्या कायद्यातील कलम ४४एडीए प्रमाणे जमेच्या निम्मा नफा गृहीत धरून विवरणपत्र भरत आले आहेत. त्यात भाड्याची वेगळी वजावट मिळत नाही. गृहीत नफ्याने विवरण भरणाऱ्या दुकानदारांचीही हीच गत. १ एप्रिल २०२६ ही नव्या आयकर कायद्याच्या अंमलाची तारीख असून त्यात कलमांचे क्रमांक बदललेले आहेत, व्यवस्था मात्र तीच आहे. तेव्हा ‘कर वाचवून गाडी फुकटात पडते’ हे वाक्य कानी पडताच आपल्या सनदी लेखापालास एकदा विचारावे.

मोटार वाहन कायद्यानुसार लीजची गाडी ज्याच्या ताब्यात असते तोही ‘मालक’ या व्याख्येत येतो. अपघाताची व दंडाची जबाबदारी त्यामुळे आपल्याकडे येऊ शकते. नोंदणी नांदेडची एमएच-२६ अथवा लातूरची एमएच-२४ असावी. परराज्यातील नोंदणीची गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवल्यास नोंदणी बदलावी लागते, तो व्याप कंपनीचा असल्याचे लिहून घ्यावे. कार्यशाळा नांदेडला अथवा लातूरला. मग वाटेत बंद पडलेली गाडी किती किलोमीटरपर्यंत विनामूल्य ओढून नेणार आणि दुरुस्तीस चार दिवस लागल्यास बदली वाहन कंधारपर्यंत येणार का, हे विचारावे. पुण्यात हे कलम गौण असते, आपल्याकडे तेच प्राणभूत आहे.

मुदतीपूर्वी करार मोडल्यास काय, हे भाड्याच्याही आधी वाचावे. उरलेले सर्व हप्ते एकदम भरा, असे कलम असेल तर ते कमी करून घ्यावे. दोन वर्षांनंतर तीन महिन्यांच्या भाड्यावर मोकळे होण्याची सवलत मागण्यात गैर काहीच नाही. सहव्यावसायिकाकडे करार हस्तांतरित करण्याची मुभाही मागावी. वाद झाल्यास दिल्ली-मुंबईचे न्यायालय नेमलेले असते. तथापि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकास स्वतःच्या राहत्या जिल्ह्यातील आयोगाकडे, म्हणजे नांदेडलाच, तक्रार करता येते. व्यापारी हेतूच्या व्यवहारांस ते संरक्षण नाही, पण स्वयंरोजगाराने उपजीविका करणाऱ्यास आहे. एकट्याने व्यवसाय करणाऱ्या वैद्याने करार स्वतःच्या नावे करणे त्यामुळे इष्ट.

वाटाघाटीची कला औषधी दुकानदारांस आम्ही शिकवावी असे नाही. दहावर एकाची स्कीम, उधारीचे दिवस, मुदतबाह्य मालाची परती हे सर्व ते नित्य ठरवितात. तोच बाणा येथे हवा. किमान तीन लेखी दरपत्रके मागवावीत, त्यांत मुदत, किलोमीटर व विमा एकसारखे ठेवावेत आणि मार्चअखेर किंवा डिसेंबरात, विक्रीचे उद्दिष्ट गाठण्याची घाई असते तेव्हा, बोलणी करावीत. कंधार, लोहा व मुखेड तालुक्यांतील पाच-सात व्यावसायिक एकत्र गेल्यास प्रक्रिया शुल्क, अनामत आणि नांदेडहून गाडी ने-आण करण्याची सोय या तिन्ही बाबतींत कंपनीस वाकावे लागेल.

राहिली गाडी परत करण्याची गोष्ट. ‘सामान्य झीज’ म्हणजे किती, याची व्याख्या मोजमापासह करारास जोडावी. ओरखड्याची लांबी, टायरची उरलेली जाडी, बॅटरीची शिल्लक क्षमता व ती कोणत्या यंत्रावर तपासणार, हे सर्व त्यात यावे. आपल्या गावठाणातील बोळ आणि बाभळीच्या काट्यांचे शिवरस्ते पाहता ओरखडे येणारच. गाडी ताब्यात घेतल्या दिवशी चारही बाजूंची तारखेसह छायाचित्रे काढून ती विक्रेत्याच्या सही-शिक्क्याने करारपत्रासोबत ठेवावीत, आणि परतीच्या तपासणीस स्वतः हजर राहून अहवालाची प्रत तेथेच मागून घ्यावी.