शिरूर-दौंड: आपल्या शेताची आपत्ती-जोखीम कशी ओळखावी, तयारी कशी करावी?

शिरूर आणि दौंड हे तालुके पर्जन्यछायेत येतात. इथला वार्षिक पाऊस साधारण ५०० मिलिमीटरच्या आसपास असतो. पण या दोन तालुक्यांतून वाहणाऱ्या भीमा, घोड आणि मुळा-मुठा या नद्या सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरून येतात आणि तिथे हजारो मिलिमीटर पाऊस पडतो. त्यामुळे एकाच आठवड्यात गावाच्या वरच्या अंगाला बाजरी पावसावाचून करपते आहे आणि खालच्या अंगाला नदीकाठचा ऊस पुरात उभा आहे, असे चित्र इथे दिसू शकते.

म्हणूनच "आपला तालुका दुष्काळी आहे" एवढ्या माहितीवर शेताचे नियोजन करता येत नाही. जोखीम तालुक्याची नसते, ती गट नंबरची असते. ती कशी मोजावी आणि मोजल्यावर काय करावे, हे या लेखात पाहू.

आपल्या भागातील प्रमुख धोके

१) दुष्काळ व पावसातील खंड : १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी जुन्या माणसांकडे आहेत, पण फार मागे जायला नको. ऑक्टोबर २०१८ मध्ये शासनाने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात शिरूर आणि दौंड होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये फक्त ४० तालुके जाहीर झाले, त्यातही हे दोन्ही होते. म्हणजे ही जोखीम अपवादाची नाही, नेहमीची आहे.

२) नदीचा पूर : हा पूर आपल्या पावसाने येत नाही. खडकवासला साखळी, पवना, चासकमान, भामा आसखेड, डिंभे, घोड या धरणांतून विसर्ग वाढला की भीमेची पातळी वाढते. आपल्याकडे ऊन पडलेले असतानाही पाणी चढते. मात्र विसर्गाची सूचना आधी मिळत असल्याने तयारीला काही तास हाती असतात.

३) ओढ्याचा पूर : हा नेमका उलटा. स्थानिक ढगफुटीसारख्या पावसाने ओढा अर्ध्या तासात भरतो आणि कोणत्याही धरणाची सूचना येत नाही. ऑक्टोबर २०२० मधील अतिवृष्टीत दौंडच्या पूर्व भागात ओढ्याचे पाणी ओलांडताना माणसे वाहून गेली. जीवितहानीचा धोका नदीपेक्षा ओढ्यावर अधिक असतो.

४) अवकाळी पाऊस, गारपीट व वीज : फेब्रुवारी-मार्च २०१४ ची राज्यव्यापी गारपीट अनेकांना आठवत असेल. मे २०२५ च्या अखेरीस दौंड, बारामती, इंदापूर भागात जोरदार पाऊस झाला आणि २६ मे रोजीच मॉन्सून पुण्यात पोहोचला. त्यामुळे "जूनच्या आधी काय होते" हे गृहीत धरून उघड्यावर ठेवलेला कांदा आणि चारा धोक्यात येतो.

शेताचे जोखीम पत्रक कसे तयार करावे?

यासाठी एक वही आणि घरातील वडीलधारी मंडळी पुरेशी आहेत. पुढील क्रमाने जावे.

१. शेताचा कच्चा नकाशा काढावा. विहीर, बोअर, मोटार, गोठा, कांदाचाळ, ओढा, विजेचे खांब आणि बाहेर पडण्याची वाट दाखवावी.

२. आजवर पाणी कुठपर्यंत आले होते ते जुन्या माणसांना विचारून नकाशावर रेघ मारावी. बांधावरच्या झाडावर किंवा विहिरीच्या कठड्यावर रंगाची खूण करावी.

३. जमिनीचे भाग पाडावेत: नदीकाठची भारी काळी, मध्यम, आणि माळाची मुरमाड हलकी. प्रत्येक भागातील पीक लिहावे.

४. प्रत्येक धोक्याला दोन गुण द्यावेत. शक्यता: गेल्या दहा वर्षांत एकदा घडले तर १, दोन-तीनदा घडले तर २, त्याहून अधिक वेळा घडले तर ३. नुकसान: सोसता येण्यासारखे १, हंगाम तोट्यात जाणारे २, कर्ज काढायला लावणारे ३. दोन्हींचा गुणाकार करावा.

उदाहरण : समजा, एका कुटुंबाकडे पाच एकर आहे: नदीकाठी दोन एकर ऊस, मध्यम जमिनीत दोन एकर खरीप कांदा, माळावर एक एकर डाळिंब, आणि तीन गाई.

- कांद्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरचा अतिपाऊस : ३ × ३ = ९
- डाळिंबावर पाणीटंचाई : २ × ३ = ६
- नदीचा पूर, ऊस व मोटार : २ × २ = ४
- वीज पडून जनावर दगावणे : १ × ३ = ३

या कुटुंबाला नेहमी नदीची भीती वाटत असेल, पण पैसा आधी कांद्याच्या निचऱ्यावर खर्च व्हायला हवा, हे पत्रक सांगते. मात्र एक नियम पाळावा: जिथे माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे, तिथे गुण कितीही कमी येवोत, ते काम पहिले. बहुतेक वेळा त्याला खर्चही नसतो.

धोक्यानुसार तयारी

कांदा व भाजीपाला : खरीप कांदा सपाट वाफ्यात न लावता रुंद गादीवाफ्यावर लावावा. वाफा १२० सेंमी रुंद, १५ सेंमी उंच आणि दोन वाफ्यांमध्ये ४५ सेंमीची सरी ठेवावी. सरीचे तोंड शेताबाहेरच्या चराला जोडलेले असले पाहिजे; नाहीतर सरीतच पाणी तुंबते. हा चर मे महिन्यातच साफ करावा.

नदीकाठचा ऊस : ऊस काही दिवस पाण्यात तग धरतो, पण शेंडा बुडून राहिला तर वाढीचा कोंब कुजतो आणि पांगशा फुटतात. पूर ओसरताच चर काढून पाणी बाहेर काढावे, पडलेला ऊस उभा करून बांधावा आणि वाफसा आल्यावरच खताची मात्रा द्यावी. वारंवार बुडणाऱ्या पट्ट्यात नवीन ठिबकची मुख्य यंत्रणा व खतांची टाकी बसवू नये.

मोटारी : पूर चढू लागला की नदीवरची मोटार काढण्यासाठी रात्री धावपळ होते, आणि याच वेळी विजेचा धक्का बसून किंवा वाहून जाऊन जीव जातात. विसर्ग वाढल्याची सूचना मिळताच दिवसाउजेडी, मुख्य पुरवठा बंद करून, किमान दोघांनी मिळून मोटार व स्टार्टर वर घ्यावेत. अंधारात पाणी चढले असेल तर मोटार सोडून द्यावी. मोटार पुन्हा घेता येते.

पाणीटंचाई : पाण्याचा हिशेब लिटरमध्ये करावा. एक हेक्टरवर एक सेंमी पाणी म्हणजे एक लाख लिटर. ३० × ३० × ३ मीटरच्या शेततळ्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. पाच सेंमीची एक पाळी धरली तर हे पाणी एका हेक्टरला चार पाळ्या पुरते, तेही बाष्पीभवन वजा न करता. एवढ्या पाण्यावर फळबाग जगवता येते, नवीन ऊस वाढवता येत नाही. उभ्या उसात पाणी कमी पडत असेल तर पाचटाचे आच्छादन करावे, खालची वाळलेली पाने काढावीत, २ टक्के युरिया व २ टक्के म्युरेट ऑफ पोटॅशची एकत्रित फवारणी करावी आणि ६ ते ८ टक्के केओलीन फवारून बाष्पोत्सर्जन कमी करावे.

वीज : चमक दिसल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज सुमारे दहा किलोमीटरच्या आत आहे. लगेच पक्क्या घरात जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर पडू नये. झाडाखाली थांबू नये, जनावरे झाडाला बांधू नयेत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' ॲप मोबाईलमध्ये ठेवावे.

ओढा : पुलावरून पाणी वाहत असेल तर पायी, दुचाकीने किंवा ट्रॅक्टरनेही ओलांडू नये. दूध डेअरीवर एक वेळ नाही गेले तरी चालेल.

नुकसान झालेच तर

- शासकीय मदतीसाठी पिकाचे किमान ३३ टक्के नुकसान पंचनाम्यात यावे लागते. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरली जाते. आपले मंडळ कोणते, हे माहीत असावे.
- ई-पीक पाहणी वेळेत करावी. सातबाऱ्यावर पीक नसेल तर पंचनाम्यात अडचण येते.
- पीक झाकण्याआधी किंवा काढण्याआधी ठिकाण व तारीख दिसेल असे फोटो काढावेत. गोठा, चाळ आणि जनावरांचे फोटो आपत्तीपूर्वीचेही असावेत.
- जनावर दगावल्यास पुरण्याआधी तलाठी व पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवावे.
- पीकविम्याचे निकष दरवर्षी तपासावेत. राज्यात २०२५ च्या खरिपापासून भरपाई पीक कापणी प्रयोगातील उत्पादनावर आधारित आहे. त्यामुळे एकट्या शेतातील नुकसान विमा भरून काढेलच, असे धरून चालू नये.

वर्षाचे वेळापत्रक

- मे : चर व नाल्यांची सफाई, कांदाचाळीचे छत, बंधाऱ्याचे ढापे काढले का याची खात्री.
- जून-जुलै : धरणसाठा पाहून उसाच्या लागणीचा निर्णय. पाऊस लांबल्यास बाजरीऐवजी तूर, सूर्यफूल, हुलगा यांचा विचार.
- ऑगस्ट-ऑक्टोबर : रोज विसर्ग पाहणे. दौंडकरांनी बंडगार्डनचा विसर्ग, शिरूरकरांनी घोड व चासकमानचा.
- नोव्हेंबर : विहिरीची पाणीपातळी मोजून उन्हाळी पिकाचे क्षेत्र ठरवणे.
- फेब्रुवारी-एप्रिल : गारपीट व वादळी वाऱ्याचा अंदाज पाहून काढणी.

जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक घरातील प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये असावा. कृषी विस्तार कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत गावाचे एकत्रित जोखीम पत्रक करून ते ग्रामपंचायतीत लावावे.

शिरूर तालुक्यात घोडकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केले, तेव्हा तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांनी घातलेला बंधारा आणि पाणी वळवण्यासाठी खणलेला चर सापडला. पुढे हवामान कोरडे होत गेले तशी ती वस्ती खालावत गेली, असे उत्खननकर्त्यांनी मांडले. पूर आणि दुष्काळ या दोन्हींशी इथला शेतकरी तेव्हापासून झगडतो आहे. येत्या मे महिन्याआधी आपल्या वहीत पहिला नकाशा काढावा.