दोन नायिकांच्या कादंबऱ्या

कादंबरी हातीं पडतांच प्रथम शेवटचें पान उघडून पाहणारे वाचक पुष्कळ आहेत. रसिक म्हणविणारे लोक या संवयीस हंसतात. परंतु प्रणयकथेच्या बाबतींत मला तरी ती मुळींच गैर वाटत नाहीं. अखेर दोघांची गांठ पडते कीं नाहीं याची एकदां निश्चिंती झाली, म्हणजे मधल्या तीनशें पानांतील रुसवेफुगवे, गैरसमज आणि विरह यांचा आस्वाद स्वस्थ मनानें घेतां येतो. अमेरिकेंतील प्रणयकथालेखकांच्या संघानें तर या वाङ्मयप्रकाराची व्याख्याच तशी केली आहे: प्रेमाची कथा मध्यवर्ती असावी आणि शेवट समाधान देणारा व आशादायी असावा. 'शेवटीं अक्षता पडणार हें ठाऊक असतांना वाचावयाचें तरी काय?' अशी थट्टा त्यामुळें नेहमींच होते. ज्या कादंबऱ्यांविषयीं येथें लिहावयाचें आहे, त्यांत नायक नाहीं. दोन नायिकाच आहेत. त्यांच्या शेवटच्या पानाचा इतिहास मात्र थट्टेवारी नेण्यासारखा नाहीं.

या कादंबऱ्यांना इंग्रजींत 'सॅफिक' असें विशेषण लावतात. ख्रिस्तपूर्व ६०० च्या सुमारास लेस्बॉस या ग्रीक बेटावर सॅफो नांवाची कवयित्री होऊन गेली. स्त्रीला स्त्रीविषयीं वाटणाऱ्या ओढीचे उद्गार तिच्या काव्यांत आहेत, म्हणून तिच्या नांवावरून हा शब्द आला. तिची बहुतेक कविता नष्ट झाली. जी उरली ती तुकड्यातुकड्यांनींच. पुढें अडीच हजार वर्षांनीं तिच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या कादंबऱ्यांच्या नशिबींही प्रथम नाशच आला.

त्यांतील पहिली गाजलेली इंग्रजी कादंबरी रॅडक्लिफ हॉल या बाईंची 'द वेल ऑफ लोन्लिनेस'. लंडनच्या जोनाथन केप या प्रकाशकानें ती १९२८ सालीं काढली. तिच्या नायिकेचें नांव स्टीफन. आईबापांना मुलगाच होणार असें वाटत होतें, म्हणून हें पुरुषी नांव. शृंगाराचें उघड वर्णन त्या मोठ्या ग्रंथांत जवळजवळ नाहींच. तथापि 'संडे एक्स्प्रेस' पत्राच्या संपादकानें असा गहजब केला कीं, मुलामुलींच्या हातीं हें पुस्तक देण्यापेक्षां विष दिलेलें पत्करलें. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत मुख्य मॅजिस्ट्रेट सर चार्ट्रिस बायरन यांनीं पुस्तकाच्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम दिला. बचावासाठीं नामवंत लेखक न्यायालयांत हजर होते. त्यांचें मत ऐकून घेण्याचेंही साहेबांनीं नाकारलें. न्यू यॉर्कच्या न्यायालयानें १९२९ सालीं त्याच पुस्तकास निर्दोष ठरविलें, पण ब्रिटनमध्यें तें पुन्हां छापलें जाण्यास १९४९ साल उजाडावें लागलें.

गंमत अशी कीं, या पुस्तकाचा शेवट कोणाही नीतिवाद्यास रुचावा असाच आहे. आपल्या सहवासांत मेरीला समाजांत मानानें जगतां येणार नाहीं असें ठरवून स्टीफन आपलें दुसऱ्याच बाईशीं संधान असल्याचें खोटें सोंग आणते आणि मेरीला एका सज्जन पुरुषाच्या पदरीं घालते. एवढा त्याग करूनही ग्रंथ जळावयाचा तो जळलाच. माझें खरें मत विचाराल, तर कादंबरी म्हणून ती जड आहे. लेखिका पानोपानीं न्यायासनापुढें अर्ज करीत असल्यासारखी बोलते. पण तो अर्ज कोणापुढें होता हें ध्यानीं घेतलें म्हणजे राग येत नाहीं.

खरी नवलाची हकीकत १९५२ सालची आहे. त्या वेळीं अमेरिकेंत पंचवीस सेंटांत मिळणाऱ्या, खिशांत मावणाऱ्या कादंबऱ्यांचा सुकाळ झाला होता. मेरिजेन मीकर या तरुण लेखिकेनें 'व्हिन पॅकर' हें टोपणनांव घेऊन 'स्प्रिंग फायर' ही दोन महाविद्यालयीन मुलींच्या प्रेमाची कथा लिहिली. तिच्या संपादकानें तिला आधींच बजावलें होतें कीं, शेवट सुखाचा करतां येणार नाहीं. कारण साहित्यिक नव्हतें, टपाली होतें. पुस्तकें टपालानें जात. अनीतीला उत्तेजन देणारा मजकूर आढळला तर टपालखातें गठ्ठेच्या गठ्ठे अडवून ठेवी. तेव्हां दोघींपैकीं लेडा ही वेडी होते, आणि दुसरी, मिच, आपण तिच्यावर कधीं प्रेम केलेंच नव्हतें असा निर्वाळा देऊन मोकळी होते. मिचच्या मनाची तीनशें पाउलें आपण तिच्याबरोबर चाललों असतों, आणि शेवटच्या पावलाशीं ती म्हणते कीं मी चाललेंच नाहीं! अशा शेवटानिशीं तें पुस्तक लाखोंनीं खपलें. त्या लाखो वाचकांत अशाही मुली असतीलच कीं ज्यांनीं आपल्या मनांतली गोष्ट प्रथमच छापलेली पाहिली, आणि तिचा शेवट वेड्यांच्या इस्पितळांत झालेला वाचला.

त्याच १९५२ सालीं दुसरें एक पुस्तक निघालें: 'द प्राइस ऑफ सॉल्ट'. लेखिकेचें नांव क्लेअर मॉर्गन असें छापलें होतें; खरी लेखिका पॅट्रिशिया हायस्मिथ. तिच्या पहिल्या कादंबरीवर हिचकॉकनें चित्रपट काढला होता, त्यामुळें तिचें नांव झालेलें होतें. तरीही पहिल्या प्रकाशकानें हें हस्तलिखित परत केलें. १९४८ च्या नाताळापूर्वीं हायस्मिथबाई न्यू यॉर्कच्या एका मोठ्या दुकानांत खेळण्यांच्या विभागांत काम करीत होत्या. तेथें एक उंची कोट घातलेली बाई मुलीसाठीं बाहुली घेण्यास आली आणि पत्ता लिहून निघून गेली. एवढ्याशा बीजांतून ही कादंबरी उगवली. कथेंतील तेरेझ एकोणीस वर्षांची, दुकानांत बाहुल्या विकणारी. कॅरोल ही नवऱ्यापासून विभक्त होऊं पाहणारी श्रीमंत गृहिणी. दोघी मोटारीनें पश्चिमेकडे प्रवासाला निघतात. नवऱ्यानें मागावर गुप्त पोलीस लावलेला असतो, आणि तो चोरून त्यांचें बोलणें ध्वनिमुद्रित करतो. आतां कॅरोलपुढें वकिलांची यादी येते: या बाईला सोडण्याचें वचन दे, नाहींतर लहानग्या रिंडीला विसर.

कॅरोल वचन देत नाहीं. मुलगी हातची जाते. आणि शेवटच्या पानावर तेरेझ गर्दीनें भरलेल्या खोलींतून तिच्याकडे चालत जाते.

मला ही कादंबरी मोठी वाटते ती याच हिशेबामुळें. येथें सुख मिळतें, पण फुकट नाहीं. त्याची किंमत एका आईनें आपल्या अपत्याच्या रूपानें मोजली आहे, आणि लेखिका ती किंमत वाचकापासून लपवीत नाहीं. पुढल्या वर्षीं स्वस्त आवृत्ति निघाल्यावर लेखिकेला वर्षानुवर्षें पत्रें येत राहिलीं. आमच्यासारख्यांच्या गोष्टींत कोणी मनगट कापून घेत नाहीं, कोणी वेडें होत नाहीं, असें हें पहिलेंच पुस्तक पाहिलें, अशा आशयाचीं तीं असत. हायस्मिथनें १९९० सालापर्यंत आपलें नांव त्यावर घातलें नाहीं. त्या वर्षीं 'कॅरोल' या नव्या नांवानें पुस्तक निघालें, तेव्हां कोठें ती पुढें आली. टॉड हेन्स यांचा त्यावरचा २०१५ सालचा चित्रपट अनेकांनीं पाहिला असेल.

मधला काळ भराभर ओलांडूं. अल्मा राउटसाँग यांनीं १९६९ सालीं 'ए प्लेस फॉर अस' ही दोन शेतकरी-घराण्यांतील मुलींची एकोणिसाव्या शतकांतील कथा स्वतःच्या खर्चानें छापली. तीच पुढें 'पेशन्स अँड सारा' या नांवानें मोठ्या प्रकाशकानें घेतली. याही बाईंनीं 'इझाबेल मिलर' असें टोपणनांवच वापरलें होतें. (टोपणनांवांची ही रांग पाहिली म्हणजे वाटतें, या वाङ्मयाचा इतिहास लिहावयाचा तर प्रथम बारशांची वही उघडावी लागेल.) पुढें १९७३ सालीं नायड प्रेससारखी केवळ याच वाङ्मयास वाहिलेली प्रकाशनसंस्था निघाली, आणि इंग्लंडांत सेरा वॉटर्स यांच्या 'टिपिंग द व्हेल्व्हेट' (१९९८) व 'फिंगरस्मिथ' (२००२) या कादंबऱ्यांनीं हा विषय सामान्य वाचकांच्या दिवाणखान्यांत आणून ठेवला.

आणि आज? आज दुकानांत अशा कादंबऱ्यांच्या राशी आहेत. मुखपृष्ठें गुलाबी नि पिवळीं, त्यांवर दोन हंसऱ्या मुली. सुखाचा शेवट आतां निषिद्ध राहिला नाहीं. तो सक्तीचाच झाला आहे. यांतील पुष्कळशा कादंबऱ्या मी वाचल्या, आणि माझी तक्रार सुखाविषयीं नाहीं, अडचणींविषयीं आहे. पाऊण पुस्तक संपलें कीं दोघींचें भांडण व्हावयाचें असा जणूं कांहीं दंडक आहे. आणि तें भांडण असें, कीं दहा मिनिटें समोरासमोर बसून चहा घेतला असता तरी मिटलें असतें. सगळ्याच पात्रांच्या जिभेला एकच धार, सगळ्यांच्या मैत्रिणी सारख्याच खोडकर. केसी मॅकक्विस्टन यांच्या 'वन लास्ट स्टॉप' (२०२१) मध्यें कल्पना किती सुंदर आहे! न्यू यॉर्कच्या भुयारी आगगाडींत १९७० च्या दशकांतली एक मुलगी अडकून पडली आहे, आणि आजची एक मुलगी तिच्या प्रेमांत पडते. त्या काळीं अशा मुलींनीं काय सोसलें तें तिच्या तोंडून ऐकावयास मिळतें तेवढीं पानें उत्तम आहेत. पण मित्रमंडळींच्या चटपटीत संभाषणाखालीं तीं पुन्हां पुन्हां दडपून जातात.

ॲशली हेरिंग ब्लेक यांची 'डिलायला ग्रीन डझन्ट केअर' (२०२२) ही याच गुलाबी मुखपृष्ठांपैकीं. सावत्र बहिणीच्या लग्नाचीं छायाचित्रें काढण्यासाठीं डिलायला गांवीं परतते आणि पुस्तकाचें दुकान चालविणाऱ्या क्लेअरच्या प्रेमांत पडते. क्लेअरला अकरा वर्षांची मुलगी आहे, रूबी. गोष्ट हलकीफुलकी, भाषा आजकालचीच; पण रूबी आईजवळ राहते, आईच्या मैत्रिणीकडून छायाचित्रें काढावयास शिकते, आणि तिला कोणी हिरावून नेईल ही भीति कोणाच्या मनालाही शिवत नाहीं. रिंडी आणि रूबी यांच्यामध्यें सत्तर वर्षें आहेत. हें मनांत ठेवून वाचलें, कीं त्या सामान्य कादंबरींतील कांहीं अगदीं साधे प्रसंगही डोळ्यांत पाणी आणतात.

आजच्या लेखिकांत मला सर्वांत आवडली ती मलिंडा लो. 'लास्ट नाइट ॲट द टेलिग्राफ क्लब' या त्यांच्या कादंबरीस २०२१ सालचें अमेरिकेचें राष्ट्रीय ग्रंथ पारितोषिक किशोरवाङ्मयासाठीं मिळालें. काळ १९५४, स्थळ सॅन फ्रान्सिस्कोची चिनी वस्ती. सतरा वर्षांची लिली आकाशयानांचीं स्वप्नें पाहते आणि वर्गांतल्या कॅथलीनवर तिचें मन जडतें. वडील डॉक्टर आहेत. कम्युनिस्टांच्या संशयावरून सरकारनें त्यांचे कागदपत्र जप्त केले आहेत. मुलीचा बोभाटा झाला तर सगळें घरच देशाबाहेर फेंकलें जाण्याची धास्ती. येथें आई निर्दय नाहीं, भ्यालेली आहे. आपल्याकडील एखाद्या मध्यमवर्गीय घरांतील स्वयंपाकघर डोळ्यांपुढें आणावें. तीच दबकी भाषा, 'लोक काय म्हणतील' हाच धाक. शेवट आशेचा आहे, लग्नाचा नव्हे.

मराठींत या विषयाची आठवण काढावयाची तर प्रथम कै. विजय तेंडुलकर यांचें 'मित्राची गोष्ट' हें १९८१ सालचें नाटक आठवतें. सुमित्रा देव, महाविद्यालयांतील नाटकांत पुरुषाचें काम करते, नायिकेचें काम करणाऱ्या नमावर जीव टाकते, आणि अखेरीस स्वतःचा जीव देते. तेंडुलकरांनीं मित्राला कोठेंही हास्यास्पद केलें नाहीं, आणि तिच्याकडे करुणेनें पाहणारा बापू तिच्या शेजारीं उभा केला. हें त्या काळीं लहानसहान धैर्य नव्हतें. त्यांच्यावर कोणत्याही टपालखात्याचें बंधन नव्हतें. त्यांना जें दिसलें तेंच त्यांनीं लिहिलें. पण एखाद्या मुलीनें हें नाटक एकटीनेंच वाचलें तर तिच्या पदरीं काय पडतें, हा विचार मनांतून जात नाहीं.

अशीं पुस्तकें घरांत येऊं द्यावींत काय, असें कांहीं भगिनी विचारतील. जीं पुस्तकें प्रौढांसाठीं आहेत त्यांत शृंगार मोकळा आहे. 'डिलायला ग्रीन' त्यांतलेंच. स्त्रीपुरुषांच्या कादंबऱ्यांना आपण जें माप लावतों, तेंच येथें लावावें. अधिक कडक नको आणि ढिलेंही नको. किशोरींसाठीं आदिबा जैगीरदार यांची 'हानी अँड इशूज गाइड टू फेक डेटिंग' (२०२१) आहे. आयर्लंडांतल्या दोन बंगाली मुलींची, एक मुसलमान आणि एक हिंदू. त्यांत अभ्यासाचा हव्यास, शिक्षण सोडून दिलेली थोरली बहीण आणि आईबापांच्या अपेक्षा यांचें चित्रण इतकें ओळखीचें आहे कीं आपल्या आळींतलीच गोष्ट वाटावी.

उद्यां एखाद्या मराठी लेखिकेनें अशी सुखान्त कथा लिहावयास घेतली, तर शेवटच्या पानाशीं तिची लेखणी थोडी अडखळेल. आपल्या सर्वोच्च न्यायालयानें ६ सप्टेंबर २०१८ रोजीं हें प्रेम गुन्हा नसल्याचें ठरविलें. मात्र १७ ऑक्टोबर २०२३ रोजीं विवाहाचा हक्क मान्य करण्यास नकार दिला. तेव्हां अक्षता टाकून तिला मोकळें होतां यावयाचें नाहीं. दारावरच्या पाटीवर दोघींचीं नांवें, शिधापत्रिकेचा घोळ, दिवाळीच्या फराळाला कोणाची आई येते नि कोणाची येत नाहीं, अशा कांहीं गोष्टींतून तिला तो शेवट उभा करावा लागेल. अमेरिकन लेखिकांना आज हें सारें आयतें मिळतें. म्हणूनच त्यांच्या पुस्तकांत अडचणींचा दुष्काळ पडला आहे.

ज्यांना या वाचनास आरंभ करावयाचा आहे त्यांनीं 'टेलिग्राफ क्लब' प्रथम घ्यावी, मग 'द प्राइस ऑफ सॉल्ट'. रॅडक्लिफ हॉलबाईंकडे सवड असेल तेव्हांच जावें. 'स्प्रिंग फायर'ची २००४ सालची आवृत्ति मिळाल्यास अवश्य पाहावी. तिला खुद्द मीकरबाईंनीं प्रस्तावना लिहिली असून संपादकानें शेवट कसा बदलावयास लावला तें त्यांनीं त्यांत सांगितलें आहे. मूळ कादंबरीपेक्षां ती प्रस्तावनाच अधिक वाचनीय आहे.