पँडोराची पेटी? नव्हे, रांजण!

एखाद्या प्रकरणाची चौकशी सुरू झाली की मराठी बातम्यांतही ‘पँडोराची पेटी उघडली’ हे वाक्य हमखास येतं. पण पँडोराकडे पेटी नव्हतीच. इसवीसनपूर्व 700च्या सुमारास ग्रीक कवी हेसिअडने ही गोष्ट सांगितली, तेव्हा त्याने शब्द वापरला ‘पिथोस’. म्हणजे तेल, धान्य, द्राक्षाची दारू साठवायचं मातीचं मोठं भांडं. आपण त्याला सरळ रांजण म्हणू. सोळाव्या शतकात इरॅस्मस या डच पंडिताने गोष्ट लॅटिनमध्ये सांगताना ‘पिक्सिस’, म्हणजे झाकणाची डबी, असा शब्द घातला आणि घरातल्या रांजणाची डबी झाली.

पँडोरावर आणखी एक आळ आहे. ‘उघडू नकोस’ असं बजावूनही तिने म्हणे चोंबडेपणा केला! हेसिअड बायकांविषयी चांगलं बोलणाऱ्यांतला नव्हे, पण त्याच्याही गोष्टीत तिला कुणी बजावलेलं नाही. बजावलं होतं तिच्या नवऱ्याला, एपिमिथिअसला, की देवांचा राजा झ्यूस याच्याकडून आलेली भेट घेऊ नकोस. त्याने घेतली. ती भेट म्हणजेच पँडोरा.

पिथोस केवढा असतो हे ग्रीक कुंभारांनी रंगवून ठेवलंय. राजा युरिस्थिअसने हर्क्युलिसला रानडुक्कर जिवंत पकडून आणायला पाठवलं. तो खरंच खांद्यावर डुक्कर टाकून हजर झाला, तेव्हा घाबरलेला राजा रांजणात शिरला. जुन्या भांड्यांवर हे चित्र अनेकदा दिसतं : वर डुक्कर, खाली रांजणाच्या तोंडातून राजाचं डोकं आणि गयावया करणारे दोन हात.

हर्क्युलिस हे रोमन नाव. ग्रीक नाव हेराक्लीस, म्हणजे ‘हेराची कीर्ती’. 1997च्या कार्टूनपटात हेरा त्याची प्रेमळ आई आहे. मूळ कथांत त्याची आई अल्कमीनी ही मानवी स्त्री, आणि नवऱ्याचं, झ्यूसचं, हे बाहेरचं मूल पाहून संतापलेली हेरा त्याच्या पाळण्यात साप सोडते. आयुष्यभर जिने छळलं, तिचंच नाव मिरवणारा हा वीर!

ग्रीक वीर अकिलीसची टाच होमरच्या ‘इलियड’मध्ये आहे असं अनेक जण छातीठोकपणे सांगतात. तिथे टाचही नाही आणि लाकडी घोडाही नाही. काव्य ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर याच्या अंत्यविधीपाशी संपतं. उलट एकविसाव्या सर्गात एका भाल्याने अकिलीसच्या कोपराजवळ खरचटून रक्त येतं, म्हणजे होमरचा अकिलीस अभेद्य नव्हताच. आईने टाच धरून त्याला स्टिक्स नदीत बुडवल्याची कथा आपल्याला सापडते ती स्टेशिअस या रोमन कवीकडे, इसवीसनाच्या पहिल्या शतकात. यमलोकीच्या पाण्याने शरीर अभेद्य होणं मला कमी रंजक वाटतं. मरणार हे ठाऊक असूनही लढायला जाणारा, रक्त येणारा अकिलीसच मोठा.

आता उत्तरेकडे जाऊ. 1962 साली मार्व्हलच्या चित्रकथेत थोर आला तो सोनेरी केसांचा, गुळगुळीत दाढी केलेला. नॉर्स कथांमधला थोर तांबड्या दाढीचा, बोकडांच्या रथात फिरणारा, रात्री तेच बोकड शिजवून खाणारा आणि सकाळी हातोड्याने त्यांना पुन्हा जिवंत करणारा. चित्रकथेत दाखवतात तसा लोकी त्याचा भाऊ नव्हे. त्याने थोरच्या वडिलांशी, ओडिनशी, रक्ताची शपथ घेऊन भावाचं नातं जोडलं होतं, म्हणजे नात्याने तो थोरचा काका लागतो. आणि ‘लायक असेल त्यालाच हातोडा उचलता येतो’ हा मंत्र तर चित्रकथेतलाच. मूळ हातोडा चक्क चोरीला जातो!

थ्रिम नावाचा राक्षस तो चोरतो, जमिनीत खोल पुरतो आणि परत देण्यासाठी फ्रेया देवीशी लग्न मागतो. फ्रेया साफ नकार देते. मग देवांची सभा थोरलाच नवरी करून पाठवायचं ठरवते : गळ्यात फ्रेयाचा हार, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, तोंडावरून पदर. लोकी पाठराखीण. पंगतीत नवरी एक आख्खा बैल आणि आठ सामन मासे फस्त करते, वर तीन पिंपं मद्य पिते. नवरदेव चकित. पाठराखीण समजावते की लग्नाच्या ओढीने तिने आठ रात्री अन्नाला स्पर्श केलेला नाही. शेवटी आशीर्वादासाठी हातोडा नवरीच्या मांडीवर ठेवतात, आणि मग मांडवात कुणी उरत नाही. कुठलाही चित्रपट या वरातीपुढे फिका आहे.

या कथा सांगणाऱ्या व्हायकिंगांच्या शिरस्त्राणांना शिंगं दिली ती वेशभूषाकार कार्ल एमिल डोप्लरने, 1876 साली बायरॉइटमध्ये वागनरच्या संगीतनाटकासाठी. नॉर्वेत 1943 साली सापडलेलं खरं व्हायकिंग शिरस्त्राण गोल आहे, डोळ्यांभोवती चष्म्यासारखी पट्टी, शिंगं नाहीत. शत्रूच्या कवटीतून मद्य पिण्याची कथाही 1636 सालच्या एका चुकीच्या लॅटिन भाषांतरातून आली. मूळ काव्यात ‘कवटीच्या वाकड्या फांद्या’ आहेत, म्हणजे जनावराची शिंगं. म्हणजे व्हायकिंगांची शिंगं डोक्यावर नव्हती, हातात होती.

थोरच्या लग्नाचं गीत जपलंय ते आइसलँडमधल्या तेराव्या शतकातल्या एका छोट्या चर्मपत्री हस्तलिखिताने. त्याची 45 पत्रं उरली आहेत. तीन शतकं ते डेन्मार्कमध्ये होतं. 1971 साली डॅनिश युद्धनौकेने ते परत आणलं, तेव्हा रेक्याविकच्या धक्क्यावर स्वागताला हजारो माणसं उभी होती.