शर्यतीच्या घोड्याभोवतीचे व्यवसाय

थरोब्रेड जातीचे शिंगरू जन्मल्यापासून शर्यतीच्या मैदानावर उतरेपर्यंत किमान दोन वर्षे जातात. या काळात त्याच्यावर कितीतरी जाणत्या माणसांचे हात राबतात. बाहेरच्या माणसाला शर्यतीतला पैजेचा व्यवहार आधी दिसतो. पण या क्षेत्रात हुनराला वाव आहे तो पैजेच्या खिडकीपासून दूर, स्टड फार्मवर आणि तबेल्यात. पुण्याचे रेसकोर्स १८३० चे आणि मुंबईचे महालक्ष्मी १८८३ चे. दोन्ही रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या हाती आहेत. पावसाळ्यात पुण्याला आणि हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत मुंबईला शर्यती होतात. हंगाम पालटला की घोड्यांबरोबर माणसांचाही मुक्काम हलतो.

सुरुवात पैदाशीपासून होते. पुणे परिसरात जुने स्टड फार्म आहेत. पूनावाला स्टड १९४६ मधला. थरोब्रेडच्या पैदाशीत कृत्रिम रेतन चालत नाही, त्यामुळे घोडी माजावर कधी येते हे ओळखणारा माणूस फार्मवर लागतोच. घोडी साधारण अकरा महिन्यांनी आणि बहुधा रात्री विते. विण्याचे दिवस जवळ आले की तिच्या सडांच्या टोकांवर मेणासारखे थेंब दिसू लागतात, आणि तिथून रात्रपाळीवाल्याला डोळा लावता येत नाही. शिंगरू तासाभरात उभे राहिले का, त्याच्या पोटात वेळेत चीक गेला का, हे त्यालाच पाहावे लागते. स्टड मॅनेजर म्हणून पुढे आलेले कित्येक जण आधी अशा रात्री जागलेले असतात. शिंगराची डीएनए तपासणी, मायक्रोचिप आणि वंशावळीची नोंद हे काम पुण्यातली स्टड बुक अथॉरिटी ऑफ इंडिया पाहते. वंशावळी तोंडपाठ असणाऱ्या अभ्यासू माणसाला नोंदणीच्या आणि घोडे खरेदी-विक्रीच्या कामात चांगली किंमत आहे.

पाठीवर माणूस आणि तोंडात लगाम यांची सवय झाली की घोडा ट्रेनरकडे येतो. ट्रेनरला क्लबचा परवाना लागतो आणि तो मिळण्याआधी सहायक म्हणून उमेदवारी करावी लागते. मालकाकडून दर घोड्यामागे मिळणाऱ्या मासिक रकमेतून त्याला खुराक आणि माणसांचे पगार भागवायचे असतात. जिंकलेल्या बक्षिसात ठरलेला हिस्सा असतो तो वेगळा. म्हणजे घोड्याची पारख आणि धंद्याचा हिशेब दोन्ही एकाच डोक्यात हवे. जॉकी म्हणून इंडियन डर्बी आठ वेळा जिंकलेले पेसी श्रॉफ पुढे ट्रेनर झाले आणि तिथेही आघाडीवर राहिले.

तबेल्याचा खरा आधार मात्र सईस. पहाटे उजाडण्यापूर्वी तो गव्हाणीत हात घालून रात्रीचा दाणा उरला आहे का ते पाहतो, कारण घोडा आजारी असल्याची पहिली खूण बहुतेकदा तिथेच सापडते. मग गुडघ्याखालच्या शिरेवरून तळवा फिरवतो. काल थंड असलेली जागा आज गरम लागली तर त्या दिवशीची दौड रद्द होऊ शकते आणि लाखमोलाचा पाय वाचू शकतो. खरारा, लीद काढणे, दौडीनंतर घोड्याला फिरवून थंड करणे हे पुढे दिवसभर चालूच असते. सईसांवर देखरेख करणारा जमादार यांच्यातूनच वर येतो. या कामाला शाळेचा दाखला लागत नाही, म्हणून त्याला कमी लेखले जाते, आणि हा सरळ अन्याय आहे. पगार बेताचा, जबाबदारी मात्र मोठी.

जॉकी होण्याची वाट पंधरा-सोळाव्या वर्षाच्या आसपास धरावी लागते. शरीर हलके असणे ही पहिली अट: पन्नास किलोच्या आसपासचे वजन वर्षानुवर्षे टिकवायचे असते. शर्यतीआधी आणि नंतर जॉकी खोगिरासकट काट्यावर उभा राहतो, त्यात लबाडी चालत नाही. क्लबांच्या प्रशिक्षण शाळांतून ॲप्रेंटिस तयार होतात. ठरावीक विजय मिळेपर्यंत त्यांना वजनात सवलत असते, त्यामुळे ट्रेनरही नवख्याला संधी देतात. उंची वाढली किंवा वजन आवरेना, तर सकाळच्या दौडी देणारा रायडिंग बॉय म्हणून काम करता येते. पडण्याचा धोका दोघांनाही सारखाच. एकही हाड न मोडलेला जुना जॉकी शोधावा लागेल. मुलाला या वाटेवर पाठवणाऱ्या पालकांनी विम्याची आणि शिक्षण पुढे चालू ठेवण्याची चौकशी आधी करावी. मुलींनाही हे दार उघडे आहे: रूपा सिंग यांनी व्यावसायिक जॉकी म्हणून शेकडो शर्यती जिंकल्या.

शिक्षणाच्या वाटेने येणाऱ्यांसाठी पशुवैद्यकीय पदवी सर्वांत भक्कम. नीट परीक्षेतून प्रवेश, आणि इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम. परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून चालू आहे. मात्र पदवीत गाई-म्हशींचा भाग मोठा असतो, म्हणून घोड्यांचे डॉक्टर व्हायचे तर स्टड फार्मवर किंवा रेसकोर्सच्या दवाखान्यात ज्येष्ठांच्या हाताखाली काही हंगाम काढावे लागतात. लंगड्या पायाचे निदान, एक्स-रे, सोनोग्राफी, उत्तेजकांच्या चाचणीसाठी नमुने घेणे ही इथली रोजची कामे.

डॉक्टरच्या जोडीला नालबंद. शर्यतीच्या घोड्याला हलकी ॲल्युमिनियमची नाल लागते. खुराच्या बाहेरच्या कडेला संवेदना नसते, तिथूनच खिळा शिरून बाहेर निघाला पाहिजे. दोराभर आत गेला तर घोडा लंगडलाच. हे उस्तादाशेजारी बसून शिकायचे काम आहे. चांगले नालबंद मोजकेच असल्याने त्यांना रायडिंग क्लबांतूनही बोलावणे येते.

शर्यतीच्या दिवशी आणखी एक फळी उभी असते. घोड्याच्या कामगिरीवरून त्याने किती वजन वाहायचे ते ठरवणारा हँडिकॅपर, शर्यत सोडणारा स्टार्टर, निकाल देणारा जज, नियमभंगाची चौकशी करणारे स्टायपेंडियरी स्टुअर्ड. बहुतेक जण घोड्यांच्या जगात वर्षे काढून इथवर येतात.

या उद्योगापुढचे संकट मात्र खरे आहे. पैजेवर २०१७ पासून २८ टक्के जीएसटी होता, सप्टेंबर २०२५ मध्ये तो ४० टक्के झाला. क्लबांचे उत्पन्न पैजेतून येते आणि बक्षिसांची रक्कम त्याच उत्पन्नातून निघते, म्हणून कराचा भार शेवटी तबेल्यापर्यंत पोहोचतो. तमिळनाडू सरकारने २०२४ मध्ये गिंडी आणि उटीच्या रेसकोर्सची जमीन परत घेण्याची कारवाई केली. महालक्ष्मीच्या २११ एकरांपैकी १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठी देण्याचे ठरले. त्यामुळे केवळ एका मैदानाच्या भरवशावर न राहता दुसरीकडे चालेल असे कौशल्य धरलेले बरे. डॉक्टर, नालबंद आणि घोडेस्वारीचे शिक्षक यांना रायडिंग स्कूलमध्येही काम मिळते, आणि दुबई, आयर्लंड, ब्रिटनमधल्या तबेल्यांत भारतीय सईस आणि रायडर नोकरीला आहेत. तिथे जायचे तर इथल्या ट्रेनरकडचा लेखी अनुभवाचा दाखला, कामापुरते इंग्रजी आणि मालकाने रीतसर काढलेला वर्क व्हिसा एवढे हाती असल्याशिवाय एजंटाला पैसे देऊ नयेत.