मुरूडचा ठराव, हेरवाडचा ठराव

11 मार्च 1893 रोजी धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाई या विधवेशी पुण्यात लग्न केलं. विधवाविवाहाचा कायदा होऊन तेव्हा 37 वर्षं झाली होती. तरी जोडपं कोकणात मुरूडला, कर्व्यांच्या गावी गेलं, तेव्हा गावाने सभा भरवून ठराव केला: कर्वे असतील त्या बैठकीत कोणी बसायचं नाही, आणि घरच्यांनी त्यांना घरात घेतलं तर त्यांनाही वाळीत टाकायचं.

वाळीत टाकणं हा शब्द आज आपण सहज वापरतो. तेव्हा त्याचा अर्थ असा, की भटजी दारात येणार नाही, न्हावी येणार नाही, पंगतीत पान मांडलं जाणार नाही, घरातल्या मुलींची लग्नं जमणार नाहीत आणि कोणी गेलं तर खांदा द्यायला माणूस मिळणार नाही. मुलाला घरात घ्यावं तर गाव तुटतं, गाव धरावं तर मुलगा तुटतो, अशी कर्व्यांच्या आईची गत झाली. धर्म बुडेल म्हणून ठराव करणाऱ्यांनी एका आईचा जीव किती टांगणीला लावला, याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

याआधी 1870 साली पुण्यात शंकराचार्यांसमोर विधवाविवाहावर शास्त्रार्थ झाला होता. स्मृतिवचनांचा कीस पाडला गेला आणि निकाल सुधारकांच्या विरुद्ध गेला. ज्यांच्या जन्माचा प्रश्न होता, त्या विधवा तिथे बोलायला नव्हत्या. मला या साऱ्या इतिहासात सर्वांत जास्त खुपते ती हीच गोष्ट.

धोंडोपंतांचे थोरले चिरंजीव रघुनाथराव, म्हणजेच र. धों. कर्वे. वडिलांसारखेच गणिताचे प्राध्यापक. 1921 साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. ते शिकवत होते विल्सन कॉलेजात, म्हणजे मिशनऱ्यांच्या संस्थेत. तिथल्या चालकांना हे काम मान्य नव्हतं. 1925 साली रघुनाथरावांनी नोकरी सोडली. वडिलांना शास्त्री-पंडितांनी अडवलं, मुलाला पाद्र्यांनी. देव वेगळे, पण बाईच्या शरीराबद्दलचा आक्षेप एकच!

जुलै 1927 मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक निघालं. ज्या शंका लोक डॉक्टरांपाशीही काढत नसत, त्या पत्रांनी यायच्या आणि र. धों. त्यांना सरळ उत्तरं द्यायचे. सनातन्यांना ते सहन झालं नाही. पहिल्या खटल्यात दंड झाला. 1934 च्या खटल्यात तर वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरंच अश्लील ठरवली गेली. बाबासाहेब आंबेडकर वकील म्हणून उभे राहिले. कामविषयक ज्ञानाचं मासिक असेल, तर त्या विषयाच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची नाहीत का, हा त्यांचा रोकडा मुद्दा होता. कोर्टाने तो मानला नाही, पुन्हा दंड.

गांधीजींचाही संततिनियमनाच्या कृत्रिम साधनांना विरोध होता, त्यांचा भर ब्रह्मचर्यावर. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका नाही. पण लागोपाठच्या बाळंतपणांनी बाई खंगत जाते, तेव्हा नवऱ्याला केलेला संयमाचा उपदेश तिच्या काय कामाचा? इथे मी निःसंशय र. धों. यांच्या बाजूने आहे. 1952 साली सरकारनेच कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला. पुढच्याच वर्षी, 14 ऑक्टोबरला, र. धों. गेले, मासिक त्यांच्याबरोबरच संपलं. वडिलांना 1958 साली, शंभराव्या वर्षी, भारतरत्न मिळालं. मुलाच्या वाट्याला हयातभर उपेक्षाच आली.

आणि विधवेचं काय? 4 मे 2022 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हाच कित्ता गिरवायला सांगितलं. मुरूडच्या त्या सभेला तोवर 129 वर्षं झाली होती. तुमच्या गावच्या ग्रामसभेत हा ठराव झाला आहे का, एकदा विचारा. झाला नसेल, तर पुढच्या सभेत तुम्हीच मांडा.